पत्र पाठवलं, पुढे काय केलं? आयर्लंडच्या संसदेच्या बँक चौकशीचा जाहीर संग्रह

हे परीक्षण कशाचं ते आधी सांगते. २००८ साली आयर्लंडच्या सगळ्या मोठ्या बँका एकदम गोत्यात आल्या. त्या का आल्या आणि त्यांच्यावर लक्ष ठेवायला नेमलेली माणसं तेव्हा काय करत होती, हे विचारायला तिथल्या संसदेनं नोव्हेंबर २०१४ मध्ये दोन्ही सभागृहांतल्या ११ सदस्यांची चौकशी समिती नेमली. समितीनं ४९ दिवस जाहीर सुनावण्या घेतल्या, १३१ साक्षीदार तपासले आणि २७ जानेवारी २०१६ ला तीन खंडांचा अहवाल दिला. साक्षींची शब्दशः टिपणं, साक्षीदारांनी आधी लिहून दिलेली निवेदनं, पुराव्याचे कागद, हे सगळं संसदेनं लोकांसाठी फुकट खुलं केलंय. परवानगीचा अर्ज नाही, ओळखपत्र नाही. जनतेला दिलेली ही एक सेवाच आहे आणि मी तिचं परीक्षण लिहितेय.

मी सांगली भागातल्या एका नागरी सहकारी बँकेच्या तपासणी खात्यातून निवृत्त झाले. आता लेकीकडे, डब्लिनजवळ लुकनला असते. आमच्या शेजारी एक आयरिश जोडपं आहे. त्यांनी २००६ साली घर घेतलं आणि पुढच्या पाच-सहा वर्षांत इथल्या घरांच्या किमती जवळजवळ निम्म्यावर आल्या. घराच्या किमतीपेक्षा कर्ज मोठं, अशा अवस्थेत त्यांनी मुलं वाढवली. ‘बँकांचं तपासायला कुणी नव्हतं का?’ असं मी त्यांना विचारलं तेव्हा त्यांनीच या चौकशीचं सांगितलं. तेव्हापासून वाचतेय.

माझं मत आधीच देऊन टाकते. साक्षींना पाचपैकी साडेचार, अहवालाला पाचपैकी तीन. दोन्हींत इतका फरक का, ते पुढे कळेल.

आधी घटना थोडक्यात, कारण त्याशिवाय साक्षी डोक्यात शिरत नाहीत. २९ सप्टेंबर २००८ च्या रात्री डब्लिनमध्ये पंतप्रधान ब्रायन काउएन, अर्थमंत्री ब्रायन लेनिहन, सेंट्रल बँकेचे गव्हर्नर जॉन हर्ली आणि वित्तीय नियामक पॅट्रिक नीरी एकत्र बसले. दोन सर्वांत मोठ्या बँकांचे अध्यक्ष आणि मुख्याधिकारी तिथे येऊन गेले. पहाटेपर्यंत निर्णय झाला की सहा बँकांच्या ठेवी आणि बहुतेक देणी, मिळून सुमारे ४४० अब्ज युरो, यांची हमी सरकार घेईल. मंत्रिमंडळाची संमती मध्यरात्रीनंतर फोनवर घेतली गेली. त्या रात्रीच्या चर्चेचं नीट इतिवृत्त नाही. आमच्याकडे संचालक मंडळाच्या साध्या मासिक सभेचंही इतिवृत्त पुढच्या सभेत वाचून कायम करतात, म्हणून ही गोष्ट वाचल्यावर मी पुस्तक मिटावं तशी टॅब्लेट बाजूला ठेवली होती. बँका सावरायला अखेर ६४ अब्ज युरो सरकारी पैसा गेला. नोव्हेंबर २०१० मध्ये युरोपीय संघ आणि आंतरराष्ट्रीय नाणेनिधीकडून मदत घ्यावी लागली, ८५ अब्जांचा कार्यक्रम. पगार कापले गेले, तरुण पोरं ऑस्ट्रेलिया-कॅनडाला गेली.

आता सेवेकडे.

पहिल्यांदा उघडणाऱ्यानं एक ध्यानात ठेवावं. प्रत्येक साक्षीच्या सुरुवातीला समितीचे अध्यक्ष किअरन लिंच एक लांबलचक कायदेशीर सूचना वाचून दाखवतात: साक्षीदाराला काय संरक्षण आहे, कुणावर बोलू नये, कुठले खटले चालू आहेत. ती प्रत्येक वेळी जवळपास तीच आहे, एकदा वाचून सोडून द्यावी. त्यानंतर साक्षीदाराचं निवेदन येतं. तेही चाळलं तरी चालतं, कारण ते वकिलांच्या नजरेखालून गेलेलं असतं. खरं काम प्रश्नांपासून सुरू होतं. प्रत्येक सत्रात दोन सदस्यांना मुख्य प्रश्नकर्ते म्हणून जास्त वेळ असतो, बाकीच्यांना थोडा थोडा. मी त्या मुख्य प्रश्नकर्त्यांचा भाग आधी वाचते. त्यातही ज्या पानांवर कागद क्रमांकांनी पुकारले जातात, ती पानं.

कारण प्रश्न दोन जातींचे असतात आणि हे तपासणीच्या कामात असलेल्या माणसाला लगेच दिसतं. ‘तुम्ही झोपला होतात का?’, ‘देशाची माफी मागाल का?’ हे प्रश्न बातमीत येतात. त्यांना उत्तर ठरलेलं असतं: खेद वाटतो, मागे वळून पाहता वेगळं करायला हवं होतं, सगळ्यांचंच चुकलं. दुसऱ्या जातीचा प्रश्न असा: अमुक महिन्यात तुमच्या लोकांनी या बँकेची तपासणी केली, त्यात हा दोष लिहिला, तुम्ही पत्र पाठवलंत, बँकेचं उत्तर आलं, पुढे काय केलंत? इथे साक्षीदाराला आडोसा राहत नाही. माझ्या साडेचार गुणांपैकी चार या दुसऱ्या जातीच्या प्रश्नांचे आहेत.

एक उदाहरण जरा सविस्तर सांगते. आयर्लंडमध्ये बँकांना नियम होता की एका क्षेत्राला स्वनिधीच्या (म्हणजे बँकेच्या स्वतःच्या भांडवलाच्या) २०० टक्क्यांपेक्षा जास्त कर्ज द्यायचं नाही, आणि एकमेकांशी निगडित दोन क्षेत्रांना मिळून २५० टक्क्यांपेक्षा जास्त नाही. आपल्याकडे नागरी बँकांना घरबांधणी आणि बांधकाम क्षेत्रासाठी मर्यादा असते, त्याच धर्तीवरचा हा नियम. बँका ही मर्यादा ओलांडत होत्या. लपूनछपून नाही. त्यांनीच नियामकाला भरून दिलेल्या विवरणपत्रांत ते आकडे होते. म्हणजे नियामकाच्या टेबलावर दर खेपेला कागद येत होता, त्यावर मर्यादा आणि प्रत्यक्ष कर्ज शेजारी शेजारी दिसत होतं, आणि कुणी काही करत नव्हतं. नीरी आणि पर्यवेक्षण सांभाळणारे कॉन होरन यांच्या साक्षी या ओघात वाचाव्यात. मर्यादा जुनी झाली होती, ती सल्लावजा होती, एकूण भांडवल पुरेसं होतं, अशा वळणांनी चर्चा जाते. पण नियम रद्दही केला नाही आणि लागूही केला नाही, या दोहोंच्या मधली जी वर्षं गेली त्यांचा हिशोब लागत नाही. मी आयुष्यभर मर्यादाभंगाचे शेरे लिहिले. नियम चुकीचा वाटत असेल तर तो बदलायचा ठराव करा, पण तो पुस्तकात ठेवून त्याकडे काणाडोळा करणं हे सगळ्यांत वाईट. मग खालच्या माणसाला कळेनासं होतं की शेरा लिहायचा की नाही.

दुसरं उदाहरण तर प्रत्येक बँक तपासनिसानं वाचावं. २००७ च्या अखेरीस नियामकानं पाच बँकांच्या प्रत्येकी पाच सर्वांत मोठ्या बिल्डर कर्जदारांची खास तपासणी केली. आढळलं काय? बिल्डरची एकूण मालमत्ता किती, देणं किती, हे बँकांना त्याच्याच पत्रकावरून माहीत होतं. त्या पत्रकाला कुणा तिसऱ्याचा दाखला नव्हता. एका बँकेला दुसऱ्या बँकेतलं त्याचं कर्ज नीट ठाऊक नव्हतं. तारण म्हणून जी जमीन, तिचीच वाढलेली किंमत पुढच्या कर्जाला भांडवल म्हणून धरली जात होती. म्हणजे कोसळण्याच्या नऊ-दहा महिने आधी रोग कागदावर आला होता. मग पत्रं गेली, उत्तरं आली. पुढे काही विशेष झालं नाही.

आमच्याकडे तपासणी अहवालाला बँक पूर्तता अहवाल देते. शेऱ्यासमोर पूर्तता झाली, होत आहे, किंवा ‘नोंद घेतली आहे, यापुढे काळजी घेण्यात येईल’ असं लिहिलेलं असतं. मी एका मोठ्या बांधकाम कर्जाच्या फाइलवर लागोपाठच्या तपासण्यांत तोच शेरा लिहिला: प्रकल्पाची पाहणी केल्याचा अहवाल फाइलला नाही. प्रत्येक वेळी नोंद घेतल्याचं उत्तर आलं. तिसऱ्या वेळी मी स्वतः रिक्षानं साइटवर गेले. पाया खणून ठेवला होता, त्यात पाणी साचलं होतं आणि कडेला गंजलेली सळई पडली होती. कर्जाचे तीन हप्ते मात्र स्लॅबपर्यंतच्या कामापोटी उचललेले. म्हणून या आयरिश साक्षींत पत्रोत्तरांचा विषय निघतो तेव्हा मी ओळ न् ओळ वाचते. पत्र पाठवणं म्हणजे देखरेख नव्हे. उत्तर खरं आहे की नाही ते जाऊन बघणं म्हणजे देखरेख.

जाऊन बघायला माणसं तरी किती होती? एवढ्या अवाढव्य बँकांमागे नियामकाकडे दोन-तीन जणांची तुकडी असायची आणि तीच तुकडी एकाहून जास्त बँका बघायची. समितीनं हा मुद्दा लावून धरला ते फार बरं केलं. त्यातून पुढचा प्रश्न निघतो, की माणसं मागितली होती का, आणि मागितली तर नाही कुणी म्हटलं. हमी मिळालेल्या सहा बँकांपैकी एक असलेल्या अँग्लो आयरिश बँकेची वाढ नऊ वर्षं सरासरी ३६ टक्क्यांच्या आसपास होती. वर्षाला २० टक्क्यांवर वाढ गेली की धोक्याची घंटा समजावी, हा जगभरचा ठोकताळा आहे. आमचे एक जुने वरिष्ठ म्हणायचे, ज्या शाखेचं कर्जवाटप एकदम वाढतं तिथे आधी जा, थकबाकी वाढलेल्या शाखेत नंतर. थकबाकी आधीच उघडी पडलेली असते, वाढीच्या पोटात मात्र काय आहे ते कुणालाच ठाऊक नसतं.

आयरिश नेशनवाइड बिल्डिंग सोसायटीबद्दलचे भाग महाराष्ट्रातल्या वाचकाला फार ओळखीचे वाटतील. ही सभासदांची संस्था, घरासाठी कर्ज द्यायला निघालेली. तिचे प्रमुख मायकेल फिंगलटन कित्येक दशकं एकाच खुर्चीत. हळूहळू घरकर्ज मागे पडलं आणि जमीन-बांधकामाची मोठी कर्जं पुढे आली. नियामक वर्षानुवर्षं या संस्थेच्या कारभाराबद्दल पत्रं लिहीत राहिला: कर्ज समितीचं काम, मंजुरीची पद्धत, कागदपत्रं, सगळी सत्ता एकाच माणसाकडे. शेवटी तिला वाचवायला ५.४ अब्ज युरो लागले. २०१५ मध्ये सेंट्रल बँकेनं २००४ ते २००८ या काळातल्या नियमभंगांसाठी तिला ५० लाख युरोंचा दंड ठोठावला, तेव्हा ही संस्था म्हणून उरलेलीच नव्हती. फिंगलटन समितीपुढे आले आणि त्यांनी आपली बाजू मांडली, ती ज्यानं त्यानं वाचावी. मला जास्त महत्त्वाची वाटली ती नियामकाच्या लोकांची बाजू. दंड करायचे अधिकार त्यांना २००४ पासून कायद्यानं मिळालेले होते. संकट येईपर्यंत आर्थिक शिस्तीच्या कारणावरून एकाही मोठ्या बँकेवर ते वापरले गेले नाहीत. अधिकार नव्हते म्हणून काही करता आलं नाही, असं म्हणायची सोयच उरत नाही, आणि हे प्रश्नोत्तरांतून उलगडत जातं म्हणून ते पटतं.

संचालकांच्या अनुपालन निवेदनाचा विषयही तसाच. नियम पाळले जात आहेत असं बँकेच्या संचालकांनी स्वतःच्या सहीनं लिहून द्यावं, अशी कल्पना २००३ च्या सुमारास कायद्यात आली होती. उद्योगांकडून ओरड झाली, देशाच्या स्पर्धात्मकतेला धक्का बसेल असं म्हटलं गेलं आणि ती बासनात गेली. नियामक मंडळाचे पहिले अध्यक्ष ब्रायन पॅटरसन आणि पहिले मुख्याधिकारी लिअम ओरायली यांच्या साक्षी या दृष्टीनं वाचा. नियामकाला एका हातानं शिस्त लावायची आणि दुसऱ्या हातानं डब्लिनला जगातलं आर्थिक केंद्र म्हणून पुढे आणायचं, अशी दोन कामं दिली की तो कुठलं करतो ते इथे दिसतं.

सेंट्रल बँकेचा भाग मी तुलनेनं भरभर वाचला. २००३ पासून इथे दोन घरं एकाच छपराखाली होती. एकेका बँकेवर लक्ष नियामकाचं, सगळ्या व्यवस्थेच्या स्थैर्यावर लक्ष सेंट्रल बँकेचं. साक्षींत दोघंही दुसऱ्याच्या कार्यक्षेत्राकडे बोट दाखवतात आणि तेच ते वाचून कंटाळा येतो. एक गोष्ट मात्र ठळक आहे. सेंट्रल बँक दरवर्षी आर्थिक स्थैर्य अहवाल काढायची, त्यात घरांच्या किमती हळूहळू, न आपटता खाली येतील असं म्हटलेलं असायचं. समितीच्या लक्षात आलं की या भरवशामागे वेगळा असा अभ्यासच केलेला नव्हता. एकानं म्हटलं म्हणून दुसऱ्यानं म्हटलं, परदेशी संस्थांनीही तेच म्हटलं, आणि मग सगळेच म्हणतात म्हणून ते खरं. हमीनंतर अवघ्या दोन-तीन दिवसांनी, २ ऑक्टोबर २००८ ला नीरी टीव्हीवर आले आणि आयरिश बँकांचं भांडवल भक्कम असल्याचं त्यांनी सांगितलं. तीन-साडेतीन महिन्यांत अँग्लोचं राष्ट्रीयीकरण झालं. शेजारच्या आजोबांना ती मुलाखत अजून आठवते.

आता तक्रारी.

पहिली तक्रार गोपनीयतेची. १९४२ च्या सेंट्रल बँक कायद्यातल्या ३३ एके कलमानुसार बँकांच्या पर्यवेक्षणातली माहिती उघड करता येत नाही. त्यामुळे समितीच्या सदस्यापुढे कागद असतो, साक्षीदारापुढेही तोच असतो, आणि दोघं त्यातला आकडा किंवा नाव न उच्चारता बोलतात. मधेच अध्यक्ष थांबवतात, प्रश्न वेगळ्या शब्दांत विचारायला लावतात. वाचणाऱ्याच्या हाती कितीतरी ठिकाणी काळ्या पट्ट्या लागतात. ठेवीदाराच्या खात्याची गोपनीयता मी समजू शकते, पण बुडालेल्या आणि जनतेच्या पैशानं सावरलेल्या बँकेची तपासणी जनतेपासूनच झाकायची, हे मला पटलं नाही. या एका कलमानं संग्रहाची निम्मी धार बोथट केली आहे.

दुसरी तक्रार दोष ठरवण्याबद्दल. समितीला कुणा व्यक्तीवर ठपका ठेवायचा अधिकारच नव्हता. याचं मूळ ॲबीलारा नावाच्या गावातल्या पोलीस गोळीबाराच्या प्रकरणात आहे. त्या प्रकरणी संसदेच्या समितीला व्यक्तींवर प्रतिकूल निष्कर्ष काढता येणार नाहीत, असं सर्वोच्च न्यायालयानं २००२ मध्ये ठरवलं. ते बदलायला ऑक्टोबर २०११ मध्ये सार्वमत घेतलं, लोकांनी ५३ टक्क्यांनी नाही म्हटलं. त्यामागचं कारण मला कळतं. राजकारण्यांच्या हातात माणसाच्या अब्रूची दोरी द्यायला लोक कचरले. पण त्याचा परिणाम अहवालात पानोपानी दिसतो. ‘नियामकानं’, ‘मंडळानं’, ‘विभागानं’ अशी वाक्यं संपत नाहीत. मंडळ म्हणजे कुणीतरी माणसं असतात, त्यांनी सह्या केलेल्या असतात.

तिसरी तक्रार काही सदस्यांबद्दल. वेळ मोजका, आणि त्यातला बराचसा स्वतःच्या भाषणात घालवायचा. प्रश्न इतका लांब की उत्तर देणाऱ्यानं त्यातला सोयीचा तुकडा उचलावा. काउएन (जुलै २०१५) आणि त्यांच्या आधीचे पंतप्रधान बर्टी अहर्न यांच्या साक्षींच्या वेळी हे जास्त जाणवलं. समिती राजकीय आणि साक्षीदारही राजकीय, त्यामुळे तिथे फाइलवरचे प्रश्न कमी आणि पक्षाचे हिशोब जास्त. हे टाळलं तरी तुमचं फारसं अडणार नाही. लेनिहन २०११ मध्ये वारले होते, त्यांची बाजू त्यांच्या तोंडून ऐकायला मिळत नाही, ही या सगळ्या चौकशीतली भरून न येणारी उणीव. अँग्लोच्या वरच्या माणसांवर फौजदारी खटले होते म्हणून तेही साक्षीला नाहीत. तिचे प्रमुख डेव्हिड ड्रम पुढे २०१८ मध्ये दोषी ठरले आणि त्यांना सहा वर्षांची शिक्षा झाली, पण ते न्यायालयातलं प्रकरण, या संग्रहातलं नव्हे.

युरोपियन सेंट्रल बँकेची गोष्ट तर वाचताना संताप यावा अशी आहे. आयर्लंडनं मदत घ्यावी म्हणून नोव्हेंबर २०१० मध्ये त्या बँकेचे अध्यक्ष झाँ-क्लोद त्रिशे यांनी लेनिहनना कडक पत्र लिहिलं होतं. समितीनं त्यांना साक्षीला बोलावलं. आमची जबाबदारी युरोपीय संसदेला, राष्ट्रीय संसदांना नाही, या भूमिकेमुळे ते रीतसर साक्षीला आले नाहीत. मार्ग काय निघाला, तर ३० एप्रिल २०१५ ला डब्लिनच्या किलमेनम भागातल्या जुन्या रॉयल हॉस्पिटलच्या इमारतीत एका संस्थेनं त्यांचं व्याख्यान ठेवलं. लोकांनी निवडून दिलेले समितीचे सदस्य तिथे श्रोत्यांत बसले आणि व्याख्यानानंतर त्यांनी प्रश्न विचारले. प्रश्न चांगले होते, पण शपथ नाही, कागद मागवायचा अधिकार नाही, उत्तर टाळलं तर पुन्हा धरायची सोय नाही. ज्यांच्या निर्णयामुळे एका देशाची काही वर्षं हलाखीत गेली, त्यांना त्या देशाच्या संसदेपुढे खुर्चीत बसवता येत नाही. याहून मोठा दोष मला या सगळ्या कारभारात दिसला नाही, आणि तो समितीचा नाही.

अहवालाचे तीन खंड म्हणाल तर ते संदर्भासाठी बरे आहेत. कालक्रम नीट लावलाय, हमी हा एका रात्रीचा निर्णय नव्हता, तिचा विचार २००८ च्या सुरुवातीपासून चालू होता, हे पुराव्यानिशी दाखवलंय. ते महत्त्वाचं आहे. पण भाषा इतकी सावरून लिहिलेली की साक्षीत जी गोष्ट अंगावर आली होती ती अहवालात सपाट होऊन येते. निवडणूक तोंडावर आली होती, संसद फेब्रुवारीच्या सुरुवातीलाच विसर्जित झाली; घाई दिसते. ११ पैकी दोघांनी, पिअर्स डोहर्टी आणि जो हिगिन्स यांनी, सही केली नाही. हिगिन्स यांनी वेगळा अहवाल लिहिला. त्यांचं राजकारण मला सगळं मान्य नाही, तरी बँका, बिल्डर आणि सत्ता यांच्या लागेबांध्याबद्दल त्यांनी जे सरळ म्हटलं ते मुख्य अहवालात कुणी म्हणायला हवं होतं. आणि एक सांगते. या चौकशीच्या आधीच होनोहन आणि नायबर्ग या दोन तज्ज्ञांचे अहवाल २०१० आणि २०११ मध्ये येऊन गेले होते. देखरेखीतल्या त्रुटींचा नकाशा होनोहन यांच्या अहवालात आधीच आहे. समितीनं नवं काय दिलं, तर त्या नकाशावरच्या माणसांना लोकांसमोर बसवून प्रश्न विचारले. म्हणून माझे गुण साक्षींना आहेत.

आपल्या वाचकाला याचं काय, असं कुणी विचारेल. सप्टेंबर २०१९ मध्ये पंजाब अँड महाराष्ट्र को-ऑपरेटिव्ह बँकेवर निर्बंध आले आणि पहिल्या दिवशी खातेदाराला सहा महिन्यांत फक्त हजार रुपये काढायची मुभा होती, हे मुंबई-ठाण्यातल्या किती घरांनी भोगलं! एकाच बांधकाम समूहाकडे बँकेच्या कर्जाचा मोठा वाटा, आणि ते झाकायला २१ हजारांहून जास्त बनावट खाती. दरवर्षी तपासणी होत होती, लेखापरीक्षण होत होतं. तपासणाऱ्यांना काय दिसलं आणि काय दिसलं नाही, त्यांनी काय लिहिलं, त्याचं पुढे काय झालं, हे त्यांच्या तोंडून ऐकायला आपल्याला कुठे मिळालं? आपल्याकडे संसदीय समित्या बँकांचे प्रश्न हाताळतात. १९९२ च्या रोखे घोटाळ्यावर रामनिवास मिर्धा यांच्या अध्यक्षतेखाली संयुक्त संसदीय समिती नेमली होती. पण समितीपुढची साक्ष बंद दाराआड होते. लोकांच्या हाती येतो तो अहवाल. आयर्लंडच्या अनुभवावरून मी ठामपणे म्हणेन की अहवाल हा त्यातला कमी मोलाचा भाग आहे. प्रश्न आणि उत्तर, मधला अडखळलेला क्षण, ‘ते मला आत्ता आठवत नाही’ असं तिसऱ्यांदा आलेलं वाक्य, हे ज्याच्या ठेवी अडकल्या त्याला वाचता आलं पाहिजे.

वापरायच्या बाबतीत दोन-तीन सूचना. शोधायची सोय सुमार आहे. साक्षीदाराचं नाव आणि तारीख हाताशी असेल तरच पटकन सापडतं. म्हणून वहीत यादी करावी. चित्रफीत बघण्यापेक्षा टिपण वाचलेलं बरं, कारण आयरिश उच्चार माझ्यासारख्याला सरावाशिवाय कळत नाहीत. एकच गोष्ट चित्रफितीत जास्त कळते: प्रश्न ऐकून साक्षीदार कागद चाळायला किती वेळ घेतो. नागरी बँकेत संचालक असाल, अंतर्गत लेखापरीक्षण करत असाल किंवा पतसंस्थेच्या तपासणीला जात असाल, तर कॉन होरन यांच्या साक्षीपासून सुरुवात करा, मग नीरी, मग पॅटरसन. नुसते ठेवीदार असाल तर आयरिश नेशनवाइडपासून. एका बैठकीत एकच साक्ष वाचा, आणि जिथे पत्राचा उल्लेख येईल तिथे समासात तारीख टिपा: पत्र कधी, उत्तर कधी, पुढची तपासणी कधी. पुढच्या वार्षिक सर्वसाधारण सभेला जाताना ती वही बरोबर न्या, आणि आपल्या बँकेच्या अध्यक्षांना मागच्या तपासणीतल्या शेऱ्यांचं काय झालं ते तारखेनिशी विचारा.